घरची जीभ

"थहा, थात," मोठे डॉक्टर म्हणाले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

मास्कच्या आत माणूस हसला की त्याचे डोळे बारीक होतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे झाले, दोन्ही शिकाऊ डॉक्टरांचे झाले, फळ्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या जोडीदारणीचेही झाले. पेशंट तेवढा हसला नाही, कारण त्याला भूल दिली होती.

मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स. पोट उघडलं की रक्त टिपायला आत गॉजच्या घड्या घालतात. पोट शिवण्याआधी त्या सगळ्या बाहेर आल्या की नाही, हे दोन नर्सनी मिळून मोठ्यानं मोजायचं असतं. एक टेबलापाशी, दुसरी आकडा लिहिलेल्या फळ्यापाशी. दोघींच्या तोंडून एकच आकडा एकाच वेळी निघाला पाहिजे, मनातल्या मनात मोजलेलं चालत नाही. नियम कुणा शहाण्या माणसानं केलेला आहे, पण त्या शहाण्याला 'स' म्हणता येत असणार. माझी जीभ दातांच्या फटीतून बाहेर यायची आणि 'स'चा 'थ' व्हायचा. आणि घड्या पाच-पाचच्या गठ्ठ्यानं येतात, त्यामुळे सहा आणि सात टाळायची सोय नव्हती.

अकरा वर्षं मी एक युक्ती चालवली. एक ते पाच मोठ्यानं म्हणायचं, सहा-सातला मास्कच्या आत नुसते ओठ हलवायचे, आठला पुन्हा आवाज लावायचा. जोडीदारीण सांभाळून घ्यायची. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना हातातलं काम कमी पडलं असावं. म्हणाले, "सिस्टर, तुमचे सहा-सात कुठं जातात हो? म्हणा की मोठ्यानं." मी म्हटलं आणि त्यांनी माझी नक्कल केली.

शेवटची मोजणी आली तेव्हा मी तोंडच मिटून घेतलं. एकसुद्धा आकडा म्हटला नाही. फळ्यापाशीची एकटीच भराभर म्हणत गेली आणि मी मान हलवत राहिले. खाली ट्रेकडे मी पाहिलंच नाही. मी डॉक्टरांच्या कपाळाकडे बघत होते आणि मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. एक घडी पोटात राहिली. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये दिसली आणि पेशंटला परत टेबलावर घ्यावं लागलं. तो वाचला, पण महिनाभर अंथरुणाला खिळला. मी दोनदा त्याच्या वॉर्डच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा तशीच परत फिरले.

चौकशीत मोठे डॉक्टर म्हणाले, "त्यांना काय बोल लावायचा? त्यांना बिचाऱ्यांना बोलताच येत नाही." कमिटीनं माना डोलावल्या. माझी रवानगी तळघरात झाली. तिथं अवजारं वाफेवर निर्जंतुक करतात आणि दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही.

आठवड्यानं मेट्रननी बोलावलं. त्या कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "थिएटरची जागा तीन महिन्यांनी कायमची भरणार आहेत. त्याआधी माझ्यासमोर उभी राहून एक ते तीस म्हण. स्वच्छ. म्हणशील तर परत वर. नाही तर तळघरातूनच निवृत्त हो."

मला वर जायचं होतं. त्या टेबलापाशी, त्या माणसाच्या समोर. दुसरं काही नको होतं मला. पेशंटची कळकळ वगैरे म्हटलं तर लोकांना बरं वाटेल, पण खरं सांगायचं तर मला सूड हवा होता.

आमच्याच इस्पितळात, कान-नाक-घशाच्या विभागात, बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई बसायच्या. अकरा वर्षं मी त्यांच्या दारावरून डबा घेऊन जात होते. त्यांनी वीस मिनिटं दिली. दात दातांवर टेकवायचे. जीभ आत, वरच्या दातांच्या मागं. आधी 'त' म्हणायचा, मग त्या 'त'वरूनच हवा सोडायची. समोर शीतपेयाची नळी धरायची. हवा सरळ आली तर नळीतून शीळ निघते, जिभेच्या कडेनं गेली तर नाही. "रोज सकाळी आणि संध्याकाळी, आरशासमोर, मोठ्यानं," त्या म्हणाल्या. "आणि घरच्यांना सांगून ठेवा, चुकलं की लगेच टोका म्हणावं."

मी हो म्हटलं. आमच्या घरात मी आणि अण्णा, माझे वडील, दोघंच. आणि अण्णांचा 'स' माझ्याहूनही वाईट.

अण्णा शिंपी. बाहेरची खोली म्हणजे त्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी बोलताना ते ओठांत दोन टाचण्या धरायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटायचं, टाचण्यांमुळे असे बोलतात. बाहीला टाचण्यांची गरज असो-नसो, ओठांत त्या असायच्याच. लहानपणी मापं लिहून घ्यायचं काम माझं. अण्णा टेप लावून म्हणायचे, "छाती थदतीथ, बाही चोवीथ," आणि मी वहीत सदतीस, चोवीस लिहायचे. एकदाही चूक झाली नाही. शाळेत गेल्यावर कळलं, की बाहेरच्यांचा सदतीस वेगळा असतो. बाईंनी मला वर्गापुढं उभं करून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं होतं. मी रडत घरी आले तेव्हा अण्णा म्हणाले, "त्यांची जीभ त्यांना, आपली आपल्याला. आपण काय त्यांच्याकडे जेवायला जातो?" तेव्हा मला ते फार पटलं होतं.

पहिल्या दिवशी मी आतल्या खोलीत आरसा भिंतीला टेकवला आणि सुरुवात केली. त. त. त. त्स. नळी गप्प. त. त. त्स. बाहेर मशीन थांबलं.

"घरात नाग पाळलायथ का?" अण्णांनी विचारलं. "थकाळपाथून फुत्कार ऐकतोय."

"व्यायाम करतेय."

"कथला?"

"जिभेचा."

मशीन पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा जोरात. कापड नसताना चालवलं तर मशीन वेगळं वाजतं. मला तो आवाज लहानपणापासून ठाऊक आहे. अण्णा रिकामं मशीन चालवत होते.

असं पंधरा-वीस दिवस चाललं. मी आरशासमोर बसले की ते मशीनवर बसायचे. मी आवाज चढवला की ते पाय चालवायचे. शेजारीण एकदा दारात येऊन विचारून गेली, की एवढं कसलं काम आलंय, कोणाचं लग्न आहे का. जेवताना आमचं भांडण व्हायचं नाही, कारण जेवताना आम्ही बोलतच नव्हतो.

नळीत पहिली शीळ वाजली ती एका रविवारी सकाळी. बारीकशीच. मी पुन्हा केली. पुन्हा वाजली. मी धावत बाहेर गेले.

"अण्णा, ऐका. सा."

अण्णा खडूनं कापडावर रेघ ओढत होते. रेघ पुरी करून ते म्हणाले, "लाज वाटते ना तुला माझी?"

"तुमची कुठं? माझी वाटते."

"एकच आहे ते. ही माझ्या बापाची जीभ आहे. थगळा बाजार त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहायचा. कोणी हथलं नाही त्यांना. तुला काय ही जीभ भाड्यानं मिळाली, की परत देऊन टाकतेथ?"

"मला हसतात, अण्णा. एका माणसाचं पोट दोनदा फाडलं माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. तू मोजलं नाहीथ म्हणून."

ते खरं होतं, म्हणून मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "का नाही मोजलं, विचारा. तुमच्यामुळे. लहानपणी एकदा टोकलं असतंत तर आज ही वेळ आली नसती. तुमचं ऐकून ऐकून माझी जीभ वाकडी झाली. दुसरं काय दिलंत मला? ही जीभ दिलीत, बस."

बोलताना माझा प्रत्येक 'स' घसरत होता, हे मला ऐकू येत होतं. अण्णांनी खडू खिशात टाकला. त्या दिवसापासून माझ्या व्यायामाच्या वेळी मशीन बंद असायचं, आणि मला वाटलं, हरले एकदाचे.

पुढं माझी गाडी भरधाव निघाली. सा, सी, सू. मग शब्द, मग वाक्यं. वाफेच्या यंत्रापाशी उभी राहून मी दिवसभर आकडे म्हणायचे. विसाच्या पुढं तर प्रत्येक आकड्यात 'स' बसलेला. एकवीस, बावीस, तेवीस. आधी जीभ दर तिसऱ्या आकड्याला बाहेर यायची, मग दहाव्याला, मग दमल्यावरच. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. कोणी माझ्याशी बोललं तरी मी त्याच्या शब्दांतले 'स' मोजायचे. घरी अण्णा कमी बोलत होते, पण म्हातारपणी माणूस कमी बोलतोच, असं मी स्वतःला सांगितलं.

तीन महिने भरायला चार दिवस असताना मी मेट्रनपुढं उभी राहिले आणि एक ते तीस म्हटलं. त्यांनी या वेळी मान वर केली.

"उलटं म्हण."

मी तीस ते एक म्हटलं.

"सोमवारी सकाळी सातला थिएटर," त्या म्हणाल्या आणि परत कागदात गेल्या.

सोमवारी तेच टेबल, तेच मोठे डॉक्टर. मला बघून ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणाले, "आल्या का परत? आता बोटांनी मोजणार वाटतं." मी ट्रे लावला. घड्या मोजून घेतल्या, दहा. फळ्यावर दहा लिहिले. काम दोन तास चाललं. शिवण्याआधीची मोजणी आली. फळ्यापाशी नवीन मुलगी होती, तिला माझी जुनी युक्ती माहीत नव्हती. आम्ही दोघींनी मोठ्यानं सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. ट्रेमध्ये दहावी नव्हती.

डॉक्टरांनी हात पुढं केला. "सुई."

"सर, थांबा. नऊच आहेत."

"नीट मोजा."

मी पुन्हा मोजलं, एकेक घडी चिमट्यानं उचलून बाजूला ठेवत. पाच, सहा, सात.

"थहा, थात," डॉक्टर सवयीनं म्हणाले आणि सगळ्यांकडे पाहिलं. कोणाचे डोळे बारीक झाले नाहीत. हसणार कशाला, मी तसं म्हटलंच नव्हतं.

"नऊ आहेत, सर. एक आत असणार. सापडल्याशिवाय सुई देणार नाही."

असं थिएटरमध्ये कोणी बोलत नाही. शिकाऊ डॉक्टर आपल्या बुटांकडे बघू लागले. मोठे डॉक्टर माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले, की भूल देणाऱ्या डॉक्टरांना घसा साफ करावा लागला. मग त्यांनी हात परत पोटात घातला आणि शोधत राहिले. घडी डावीकडे खोल, रक्तानं लडबडून चिकटलेली होती. त्यांनी ती ट्रेमध्ये टाकली, माझ्या अॅप्रनवर शिंतोडे उडतील अशी.

"दहा," मी म्हटलं.

"चौकशीपासून सगळे फार शहाणे झालेत," ते म्हणाले. "द्या आता."

मी सुई दिली. मला वाटलं होतं, त्या क्षणी फार आनंद होईल. मी नुसता चिमटा ट्रेमध्ये जागेवर ठेवला.

आनंद झाला तो घरी जाताना. कधी एकदा अण्णांना सांगते, असं झालं होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, कोट शिवायला टाकलेला एक जाडजूड मास्तर. मी आतल्या दारात उभी राहून तो जायची वाट पाहू लागले.

"मग कधी येऊ?" मास्तरनं विचारलं. "आज नाही म्हणता, तर उद्या? उद्या मला शाळेत कार्यक्रम आहे. आज सोमवार, आजच देणार होता ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मंगळवारी," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्हीच सोमवार म्हणाला होतात."

"मंगळवारी. आठ वाजता तयार ठेवतो. लवकर या."

मास्तर कुरकुरत गेला. कोट अण्णांच्या मागच्या खिळ्याला टांगलेला होता. इस्त्री केलेला, बटणं लावलेली, खिशावर त्याच्या नावाची चिठ्ठी टाचलेली. "हा काय तयार कोट" म्हणून काढून द्यायला एक क्षण लागला असता. पण मग त्याला 'सोमवारचं काम सोमवारी, साहेब' असं काहीतरी म्हणावं लागलं असतं. अण्णा गिऱ्हाइकाला तसं नेहमीच म्हणत.

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मागचे दोन महिने आठवू लागले. चहा गार होतोय. किल्ली खिडकीत ठेव. भात जरा कच्चा राहिला. उद्या लवकर जायचंय ना तुला? साखर हवी असली की ते बोटानं डबा दाखवायचे. संध्याकाळ म्हणायचं असलं की 'दिवे लागल्यावर' म्हणायचे. दोन महिने त्यांनी माझ्यासमोर एकही 'स' काढला नव्हता, आणि दिवसभर लोकांचे 'स' मोजणाऱ्या मला ते कळलं नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "आज थिएटरमध्ये मी मोजलं. सगळं स्वच्छ म्हटलं. एक घडी आत राहिली होती, ती काढायला लावली मी त्यांना."

"चांगलं केलं," अण्णा म्हणाले. "पेशंट बरा?"

"बरा आहे."

"मग झालं तर."

त्यांनी मशीनवरचं कापड उचललं. मला रडू यायला लागलं. काहीतरी करून हे मिटवावं, पहिल्यासारखं व्हावं, एवढंच मनात होतं. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि जीभ मुद्दाम दातांच्या मधे आणून म्हटलं, "थगळं थांगते तुम्हाला. थहा, थात म्हटलं मी, अण्णा."

ते तसं आलं नाही. चाळीस वर्षं जी जीभ माझी होती ती परत येईना. शब्द फार ठळक आले, ओढून ताणून आले. मी तो आवाज ओळखला. मोठे डॉक्टर अगदी असंच म्हणायचे.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"तू पण?" ते म्हणाले. "बाहेरचे करतात ते ठीक. तू नको."

त्यांच्या हातातलं कापड उलटं होतं, त्यांनी ते सुलट केलं आणि शिवायला घेतलं. आम्ही त्यानंतर चार दिवस कामापुरतं बोललो.

शुक्रवारी एक ऑपरेशन रद्द झालं आणि मी दुपारीच घरी आले. दार लोटलेलं होतं. जिन्याच्या शेवटच्या वळणावर मला अण्णांचा आवाज ऐकू आला, मोठा, मोकळा. फोनवर आत्या होती. ही अण्णांची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहते आणि तिचीही जीभ तीच. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज ते बाहेर सोडतात. दोघंही माझ्या कानापर्यंत येत होते.

"अगं, त्या माथ्तराचं पोट थुटलंय नुथतं," अण्णा सांगत होते. "मी म्हटलं, थाहेब, पोट आत ओढून माप देताय, कोट काय श्वाथ रोखून घालणार?"

आत्या हसत सुटली. "आणि आपली थिथ्टर काय म्हणते?"

"तिचं काय विचारतेथ. थाफ बोलते आता. एक अक्षर घथरत नाही. त्या मोठ्या डॉक्टरला थगळ्यांथमोर थुनावलं म्हणे, थापडल्याशिवाय थुई देणार नाही."

हे शब्द त्यांना मी सांगितले नव्हते. इस्पितळातल्या कोणाकडून तरी त्यांनी विचारून घेतलं असणार.

"मग तू तिच्याशी अथा मुका का झालायथ?" आत्यानं विचारलं. "परवा तीच फोनवर रडत होती."

अण्णा म्हणाले, "मुका कुठं? जपून बोलतो. तीच म्हणाली, तुमचं ऐकून माझी जीभ वाकडी झाली. खरंच अथेल. आता एवढी मेहनत करून थरळ केलीय तिनं. माझं ऐकून पुन्हा बिघडली, तर काय करायचं? ती घरात अथली की मी ते अक्षरच काढत नाही."

"किती दिवथ जमेल तुला?"

"जमतंय की. थवय होते. फक्त दमायला होतं ग."

मग ते आत्याला तिच्या गुडघ्याचं विचारू लागले, आणि आत्या सांगू लागली, आणि अण्णा मधेमधे तिला चिडवत राहिले. दोन महिन्यांत त्यांना मी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी दाराला हात लावला असता तर ते तिथंच थांबले असते.

मी हात मागं घेतला, पायातले बूट आवाज न करता काढले आणि पायरीवर बसून राहिले. आत अण्णा बोलत होते. वरच्या मजल्यावरची शेजारीण जिना उतरून आली, मला तशी बसलेली बघून तिनं तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला जायला वाट करून दिली.